दोन ‘एल’च्या खुणेवर विसंबू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीत फ्रेंच पोर्सिलेनवरचा लेख वाचला. पॅरिसजवळच्या सेव्र येथील पोर्सिलेन कारखान्याचा इतिहास त्यात नीट आला आहे. पण ‘तळाशी निळ्या रंगात एकमेकांत गुंफलेले दोन एल (सेव्रची खूण) दिसले, की वस्तू अस्सल’ हे विधान जुन्या वस्तू विकत घेणाऱ्यांना महागात पडेल. पोर्सिलेनच्या ज्या खुणांची सर्वाधिक नक्कल झाली, त्यांत ही अगदी वरची. ती काढायला कुंचल्याचे चार फटकारे पुरतात. म्हणून ती शेवटी पाहावी.

आधी माती पाहावी. 1740 मध्ये व्हँसेनला सुरू झालेला हा कारखाना 1756 मध्ये सेव्रला आला, तेव्हा त्याच्याकडे केओलिन, म्हणजे कठीण पोर्सिलेनला लागणारी पांढरी चिनी माती, नव्हते. वाळू, सोरा, मीठ, सोडा, तुरटी आणि जिप्सम भाजून काचेसारखा गोळा करायचे, तो दळून त्यात खडू आणि चुनखडीची माती मिसळायचे. या मिश्रणाला लवचिकपणा नसे. साबण किंवा सरस घातल्याशिवाय ते आकार घेत नसे आणि भट्टीत खचून वाकडे होई. बराच माल वाया जाई. त्यावर शिशाची चकाकी, म्हणजे काचेसारखा थर, चढवीत. नंतर मंद आचेवर भाजलेले रंग या चकाकीत मुरतात, हेच तर या मृदू पोर्सिलेनचे सौंदर्य. ताटल्या व बशांच्या तळकडेला कधी बारीक भोक आढळते. रंग भाजताना वस्तू टांगण्यासाठी ते ठेवलेले असे.

1768 च्या सुमारास लिमोझजवळ सेंत-इरिए येथे केओलिन सापडले आणि कठीण पोर्सिलेन आले. याची चकाकी सुमारे 1400 अंश सेल्सिअसला पिकते. तिच्यावर रंग मुरत नाहीत, वर बसतात. बोट फिरवले तर त्यांचा किंचित उंचवटा लागतो. दोन ‘एल’च्या खुणेत लिहिलेले अक्षर वर्ष सांगते: ‘ए’ म्हणजे 1753, ‘ई’ म्हणजे 1757, दुहेरी अक्षरे 1778 पासून. तेव्हा कठीण मातीच्या फुलदाणीवर ‘ई’ असेल, तर ती खूण खोटी, पुढे काही तपासायचे कारणच उरत नाही. मातीचा हा बदल झाल्यावर कठीण मालाच्या खुणेवर मुकुट काढू लागले, हेही लक्षात ठेवावे.

खरा पेच वेगळाच आहे. 1800 नंतर कारखान्याचे संचालक ब्राँनियार यांनी मृदू मातीचा न रंगवलेला जुना साठा विकून टाकला. बाहेरच्या रंगाऱ्यांनी तो घेऊन त्यावर उंची नक्षी काढली. म्हणजे माती अस्सल, सजावट नंतरची! इथे रंग कामी येतात. क्रोमियमचा शोध 1797 चा. त्याचा पिवळसर, अपारदर्शक हिरवा रंग 1760 च्या कपावर असूच शकत नाही. त्या काळचा हिरवा तांब्याचा, पारदर्शक झाक असलेला. जुनी वस्तू पुन्हा भट्टीत घातली की चकाकीत मुरलेल्या मळाचे काळे ठिपके उमटतात, विशेषतः तळकडेशी. भिंग लावून तिथे बघावे.

सोन्याचेही तसेच. अठराव्या शतकात सोन्याचे वर्ख मधात खलून लावत, भाजल्यावर अकीकाच्या दगडाने घासून ओप देत आणि टोकदार हत्याराने त्यावर रेषा कोरत. ते सोने जाड, काहीसे मऊ दिसते. भट्टीतून चकचकीतच बाहेर येणारे द्रवरूप सोने एकोणिसाव्या शतकातले. ते पातळ आणि एकसारखे आरशासारखे असते.

1848 नंतरच्या मालावर चकाकीखाली हिरव्या रंगात ‘एस’ आणि वर्षाचे आकडे असतात. या खुणेवर घासण्याच्या चाकाने आडवी रेघ कोरलेली असेल, तर तो तुकडा कारखान्याने न रंगवता विकला, असे समजावे. अशा तुकड्यावरची नक्षी कितीही नाजूक असली तरी ती सेव्रची म्हणून पैसे मोजू नयेत.

जाता जाता, घरात असे काही असेल तर लिंबू, चिंच किंवा राखेने घासू नका. शिशाच्या रंगांना आम्ल खाते आणि घासण्याने सोने जाते. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड पुरे. भेग सांधलेली असल्यास पाण्यात भिजतही ठेवू नका, जुना सरस सुटतो.

— एक वाचक, मुंबई