मुंडावळ्या पाठवतेय, आणि थोडं बोलायचंय

बर्मिंगहॅम,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल आहोत, काळजी नसावी. इथले एक ओळखीचे दिवाळीला पुण्याला येतायत, त्यांच्याबरोबर हे पत्र आणि एक डबा देतेय. दादाला पुण्याहून घेऊन यायला सांग. डबा मात्र आई, तूच उघड.

फोनवर रोज बोलतोच आपण. पण तिकडे फोन स्पीकरवर, खोलीत सगळं घर, आणि इकडे माझ्या शेजारी इथल्या आई, म्हणजे सासूबाई. सगळ्यांच्या देखत काही गोष्टी बोलता येत नाहीत. परवा वहिनीनं विचारलं की घरात एवढं आजारपण असताना नथींचे मणी ओवायला मला वेळ कसा मिळतो. तिनं सहजच विचारलं असेल, माझा तिच्यावर राग नाही. पण त्यानंतर तू गप्प झालीस ते मला इथे कळलं.

आई, इथल्या आईंचं मी काही कमी पडू देत नाही. सकाळी अर्धा तास कौन्सिलकडून एक बाई अंघोळीला येतात, बाकी सगळं मीच बघते. तुझे जावई रात्रीचं जेवण भरवतात आणि शनिवारी पूर्ण दिवस त्यांचा असतो. नणंदबाई लांब राहतात, पण फोन रोज असतो. त्यांच्याबद्दल तिकडे काही बोलू नका. झटका आला तेव्हा आईंचा उजवा हात पूर्ण लुळा होता, आता खांद्यापासून थोडा उचलतात. शब्द अजून मोजकेच येतात.

आणि मणी त्यांच्यापासून वेळ चोरून ओवते असं नाहीये. हाताच्या व्यायामासाठी येणाऱ्या बाईंनीच सांगितलं की चिमटीत बारीक वस्तू उचलायला लावा. आधी मी राजमा ठेवला, वाटाणे ठेवले. आई ताटली ढकलून द्यायच्या. एक दिवस माझे मोती टेबलावर पसरलेले होते, त्यांनी आपण होऊन हात पुढे केला. आता केकच्या साच्यात, त्या सहा खळग्यांच्या, मोती आकाराप्रमाणे लावायचं काम त्यांचं. आठ मिलिमीटरचा मोती उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात धरता येतो, चारचा अजून निसटतो. पण नजर! एखादा मोती जराही चपटा असला की त्या तो डाव्या हातानं बाजूला काढतात आणि माझ्याकडे बघून "नको" म्हणतात. तोंडात घालतील म्हणून तू घाबरू नकोस. मी मोजून देते, मोजून परत घेते, आणि त्या वेळी तिथून उठत नाही.

माझं स्वतःचं काम रात्रीचं. त्यांना दोन-अडीचला जाग येते, मग तासभर झोप नसते, कुणीतरी जवळ लागतं. मी त्यांच्या पलंगाशेजारी दिवा लावून बसते. नथीच्या जाड तारेला बाक दिलेला असतोच. त्यावर केसासारख्या बारीक तारेनं एकेक मोती आवळत जायचं, मधे लाल खडा, पुन्हा मोती. तार सैल राहिली की खडा हलतो, जास्त ओढली की तुटते, म्हणून लक्ष दुसरीकडे जाऊ देता येत नाही. तेवढा वेळ डोक्यात गोळ्यांच्या वेळा येत नाहीत, बाबांच्या किडनीच्या तपासणीतले क्रिएटिनिनचे आकडे येत नाहीत. तास झाला की मी उठते आणि आईंची कूस बदलते, आणि तेव्हा माझा हात हलका असतो. ते बसणं नसतं तर मी चिडचिडी झाले असते, आणि ते सगळं त्यांच्यावर निघालं असतं. डोळ्यांचं म्हणशील तर चष्मा नवीन केलाय, नंबर थोडासाच वाढलाय.

बाबांनी विचारलं होतं, एवढे मोती परवडतात कसे. बाबा, इथे एक प्रकार आहे तो तुम्हाला नीट सांगते, कारण मलाही पहिली काही वर्षं तो उलगडला नव्हता. रविवारी पहाटे गावाबाहेरच्या एखाद्या शेतात किंवा शाळेच्या मैदानात लोक आपापली गाडी घेऊन जातात. गाडी उभी करायचे पैसे भरायचे, डिकी उघडायची, पुढे घडीचं टेबल मांडायचं आणि घरातलं जुनं सामान विकायचं. कपबशा, पुस्तकं, पोरांची सायकल, अर्धी वापरलेली रंगाची बादलीसुद्धा. विकणारे गरीब असतात असं नाही, चांगल्या बंगल्यांतले असतात. घासाघीस चालते, आणि कुणी लाजत नाही. अंधार असतानाच जुन्या वस्तूंचे व्यापारी बॅटऱ्या घेऊन येतात आणि डिकी पूर्ण उघडायच्या आत आत डोकावतात. आणि बाबा, तिथे त्यांच्या आजीच्या माळा असतात. खोक्यात गुंता होऊन पडलेल्या, एकेक पौंडाला. मी पहिल्यांदा एका बाईंना विचारलं होतं की ही ठेवायची नाही का तुम्हाला. त्या म्हणाल्या, आईचं घर रिकामं करायचंय, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मला तेव्हा त्या कोरड्या वाटल्या होत्या. पण इथे माणूस गेलं की घर विकायचं असतं, भावंडं चार गावांत असतात, आणि एवढं सामान ठेवणार कुठे, हेही खरंच. तरी माझ्याच्यानं ते होणार नाही.

त्या माळांत बहुतेक काचेचे मोती निघतात. खरा मोती दातावर घासला की किंचित खरखरीत लागतो, काचेचा गुळगुळीत. चांगल्या जुन्या माळेत दर दोन मोत्यांमध्ये रेशमाची गाठ असते, म्हणजे तुटली तरी एखादाच मणी पडतो. ती गाठ मी पहिल्यांदा सोडवली तेव्हा सराफांच्या गुजरीतला आपला दागिने गुंफणारा पटवेकरी आठवला. बाबा, तुम्ही मला त्याच्या ओट्यावर बसवून कामाला जायचात. पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून तो ठुशी गुंफायचा ते मी तासन् तास बघितलंय. इथे मला कुणी काही शिकवलं नाही, हात तिथलाच आहे.

कायद्याचं म्हणाल तर सगळं व्यवस्थित आहे. आमच्या गावात सोनारकामाचा अख्खा भाग आहे, ज्वेलरी क्वार्टर म्हणतात, आणि १७७३ पासून चांदी तपासून छाप मारणारं ऑफिस आहे. बर्मिंगहॅमची खूण जहाजाच्या नांगराची, समुद्र इथून लांब असूनही. चांदी म्हणून वस्तू विकायची तर ७.७८ ग्रॅमच्या वर छाप सक्तीचा आहे, आणि माझ्या नथीत चांदीची तार दोन ग्रॅमसुद्धा नसते. वर्षाला १,००० पौंडांच्या आतल्या अशा विक्रीवर कर भरावा लागत नाही, माझी विक्री त्याच्या आतच आहे. आईंना सांभाळते म्हणून सरकार मला यंदा (२०२५-२६) आठवड्याला ८३.३० पौंड देतं. आठवड्याला निदान ३५ तास करावं लागतं अशी त्याची अट, आणि यंदा आठवड्याची कमाई १९६ पौंडांच्या वर गेली तर ते बंद होतं. मी त्याच्या जवळपासही नाही. नथी घेतात त्या आपल्याच बायका, गणपतीला आणि हळदीकुंकवाला. नाक न टोचलेल्या मुलींसाठी प्रेसच्या नथी सर्वांत जास्त जातात.

आता पैशांचं. दादाच्या खात्यावर ३५,००० रुपये टाकलेत. हे घरखर्चातले नाहीत, नथींचे आहेत, म्हणून कुणी संकोच करायचा नाही. बाबांच्या डायलिसिसला आठवड्यातून तीनदा दादा दुकान बंद ठेवून जातो. एका खेपेला तरी रिक्षा आणि सोबतीला माणूस लावा, दादाला तेवढा दिवस मिळू दे. आई, हे पैसे एफडीत घालू नकोस. तुला माहीत आहे मी असं का म्हणतेय. दुसऱ्या कुणाच्या आईचे पाय मी रोज चोळते आणि तुझे गुडघे वहिनी शेकते. तिनं तो प्रश्न विचारला तेव्हा मला लागलं ते म्हणूनच. तिला हे वाचून दाखवलंस तरी चालेल. तिच्यासाठी डब्यात मोत्यांच्या कुड्या आहेत.

धाकटीचं ठरलं याचा इतका आनंद झाला की त्या रात्री मी आईंना उठवून सांगितलं, आणि त्या स्पष्ट "छान" म्हणाल्या. मार्गशीर्षाच्या पहिल्या पंधरवड्यातला मुहूर्त चांगला असेल तर तोच धरा, माझ्यासाठी पुढे ढकलू नका. मुलाकडच्यांना थांबवणं बरं दिसत नाही. माझं येणं असं आहे की दहा दिवस आईंकडे बघायला कुणी लागेल. तुझे जावई रजा टाकतायत, नणंदबाई पाच दिवस येते म्हणाल्यात. मधल्या दिवसांसाठी इथे आजारी माणसाला तात्पुरतं ठेवून घेणारी जागा असते, ती बघून आले. आश्रमात टाकलं असं कुणी म्हणू नका, घरच्यांना श्वास घेता यावा म्हणूनच ती सोय असते. पण आईंना तिथे शब्द सापडला नाही आणि पाणी मागता आलं नाही तर, हे माझ्या मनातून जात नाही. म्हणून तिकीट अजून काढलेलं नाही. पत्रिकेत आमची नावं घाला. मी आले नाही तर करवलीचा मान आत्याच्या मुलीला द्या, आणि धाकटीला सांग की ताईचा जीव तिथेच आहे.

डब्यात तिची नथ आणि नवरानवरीच्या दोन्ही मुंडावळ्या आहेत. तुझ्या मनात येईल ते मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते: यातले सगळे मोती नवे कोरे, दुकानातून आणलेले. त्या बाजारातल्या माळांचा एकही मणी शुभकार्याच्या वस्तूत घातलेला नाही. मोती निवडले ते आईंनी. तीन दिवस लागले त्यांना, पण सगळे एकसारखे आहेत, बघ.

बाबांना पाणी मोजूनच द्या. मुलांना आशीर्वाद, दादा-वहिनीला नमस्कार.

तुझी,
ताई

ता. क. मुंडावळ्यांची टोकं बांधलेली नाहीत, दोरा लांब ठेवलाय. धाकटीच्या कपाळाचं माप घेऊन गुजरीत बांधून घ्या. आणि नव्या जावयाच्या फेट्याचं माप वेगळं घ्यायला सांगा, नाहीतर ऐन वेळी आखूड पडतील.