लठ्ठपणामागील दाह
महोदय,
लठ्ठपणा म्हणजे निव्वळ आळस, हा समज ठाण्यात आजही सर्रास आढळतो आणि तो रुग्णांवर अन्याय करणारा आहे. चरबीच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की तेथे मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, हे २००३ मध्ये संशोधनातून दिसले. या पेशी टीएनएफ-अल्फासारखी दाहकारक, म्हणजे शरीरात आतून सूज आणणारी, प्रथिने स्रवतात, त्यामुळे स्नायू व यकृत इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नाहीत आणि मधुमेहाचा धोका वाढतो. भारतीयांत वजन बेताचे असूनही पोटात चरबी साठते, हे तर अधिकच चिंताजनक. महापालिकेच्या दवाखान्यांत वजनासोबत कंबरेचा घेरही मोजला जावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरहून अधिक घेर आढळल्यास रुग्णाला दोष न देता रक्तशर्करा तपासावी.
– एक वाचक, कळवा (ठाणे)