लुळ्या पावलाची शस्त्रक्रिया आणि नंतरचा व्यायाम

महोदय,

कुष्ठरोगात गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस निकामी झाली, की पाऊल वर उचलत नाही आणि चालताना बोटे घासून जखमा होतात. हा लुळेपणा सहा महिन्यांच्या आतला असेल तर स्टेरॉइडने सुधारू शकतो. जुना असेल तर नडगीमागील स्नायूचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरीसारखी पट्टी) पुढे आणून पावलाच्या वरच्या बाजूस जोडण्याची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. मात्र पाऊल आत वळवणाऱ्या त्या स्नायूला ते उचलण्याचे नवे काम प्लास्टर निघाल्यावर व्यायामानेच शिकवावे लागते, आणि निम्मे यश, माझ्या मते, त्यातच आहे. म्हणून शस्त्रक्रिया शिबिरांची तारीख ठरवण्यापूर्वी आरोग्य विभागाने तालुका पातळीवर भौतिकोपचार तज्ज्ञ नेमावेत.

– एक वाचक, अमरावती