मरळीचं कालवण आणि बाकीचं

पप्या,

आईला मेसेज केलास म्हणं, बाबांना विचार कालवण कसं करायचं. मला डायरेक्ट फोन केला असतास तरी चाललं असतं, पण रविवारी जेवताना जे झालं त्यानंतर तू करणार नाहीस हे माहीत होतं, म्हटलं टाइप करूनच पाठवूया. पाण्याचा विषय काढणार नाही, आईनं शपथ घातलीय.

तर मरळ. ही जात हवेत श्वास घेते, पाण्याबाहेरपण तासन्‌तास जिवंत राहते, बारकी मोरीत जाऊन किंचाळली ती त्यामुळंच. मीठ आणि राख लावून चोळायची, नाहीतर हातातून सुटते. तुझ्या फ्लॅटवर राख कुठली, पीठ लाव, चालतंय. खवलं शेपटीकडनं डोक्याकडं काढायची. नदीच्या माशाला चिखलाचा वास असतो म्हणून तुकड्यांना हळद, मीठ, चिंचेचा कोळ लावून अर्धा तास ठेव. वाटणाला कांदा आणि सुकं खोबरं चांगलं भाजून घे, आलं, कोथिंबीर, लसूण जरा जास्तच. तेल सुटस्तोवर परतायचं, मग चटणी, घरची, आईनं डब्यातनं दिलीय ती, पुण्यातली पाकिटातली नको. पाण्याला उकळी आली की मगच तुकडे सोडायचे आणि पळी घालायची नाही, पातेलं दोन्ही हातानं धरून हलवायचं. आजी तेवढ्यावरनं सुना जोखायची, दादूकाकानंतर स्वतः मासा तोंडात घालत नव्हती तरी.

बघ, आलाच विषय.

पप्या, तुम्ही पोरं जाळं घेऊन प्रयाग चिखलीला नदीत उतरलासा तेव्हा ऊन होतं म्हणालास. इथं ऊनच असतंय रे, तिकडं गगनबावड्याला, दाजीपूरला कोसळत असतो, ते पाणी मागनं येतंय. राधानगरीचे 7 दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की कुणाला विचारून उघडत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका, हे तुला पाठ आहे, रविवारी मलाच ऐकवलंस की पाणी अजून लई खाली आहे म्हणून. पण माणूस जायला 43 फूट लागत नाहीत, वढ असली तर कमरेएवढं पाणी बास झालं. दादू तर माझ्यापेक्षा चांगला पोहायचा, शिवाजी पुलावरनं उडी मारायचा, आणि पाग असा फेकायचा की गोल पडायचा पाण्यावर, मला कधी तसा जमला नाही. ते जाळं माळ्यावर पत्र्याच्या पेटीमागं होतं, तुला सापडलं कसं तेच मला कळंना.

असो. लेक्चर झालं, सॉरी.

आणखी एक, हे लेक्चर नव्हे. या दिवसांत मरळीची जोडी पिल्लांबरोबर फिरत असते, लाल पिल्लांचा घोळका हवा घ्यायला वर येतो आणि दोघं खालीच असतात राखणीला. ती धरली तर पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात. आम्ही असा घोळका दिसला की जाळं खांद्यावर टाकून पुढं जायचो. म्हणजे पाण्याचं सोड, निदान त्या पिल्लांसाठी तरी आत्ता जाऊ नको, हे पटतंय का?

मरळ मात्र भारी होती. ऑफिसात सगळ्यांना फोटो दाखवला, पोरानं धरलीय म्हणून सांगितलं, साहेबांनापण. हे आईला सांगू नको. तिला वाटतंय मी अजून रागात आहे, आणि आहेच.

पुढच्या आठवड्यात येणार असलास तर मासा मी मार्केटातनं आणतो, मरळ मिळाली तर मरळ, नाहीतर वाम. आणि तुकडे सोडल्यावर गॅस बारीक, दहा मिनिटं बास, जास्त शिजला तर भुगा होतो. मिठाचा अंदाज चुकला तर फोन कर. आईला नको, मला कर.

बाबा