ताई, तुम्ही आधी माझं काम विचारलंत

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आज माझं बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाला वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण) ई-कार्ड, म्हणजे ऑनलाइन प्रमाणपत्र, क्लिनिकच्या फाइलला लागलं. मॅनेजरनं कोड टाकून अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या साइटवर ते तपासलं, ‘ओके’ म्हणाली आणि पुढच्या कामाला लागली. तिचं काम अर्ध्या मिनिटात झालं. मी मात्र आतल्या खोलीत जाऊन रडून घेतलं. का, ते मला हा कोर्स शिकवणाऱ्या तुम्हाला सांगायला नको. तुमचं नाव इथे घालत नाही, ते तुम्हाला आवडायचं नाही. पण इथे न्यू जर्सीत मेडिकल असिस्टंटचं काम धरणाऱ्या आपल्या कितीतरी मुली आहेत. त्यांनी वाचावं म्हणून पत्र उघड लिहिते आहे.

नोकरी पक्की करायला ‘लाइफ सपोर्टचं सर्टिफिकेट’ लागतं, एवढंच मला सांगितलं होतं. कुठलं, असं विचारलं तर ‘सगळे आणतात तेच’. मग एका ऑनलाइन कंपनीनं ‘घरबसल्या, सगळीकडे चालणारं’ म्हणून पैसे घेतले, थोडे प्रश्न विचारले आणि पीडीएफ पाठवून दिली. सरावाच्या पुतळ्याच्या छातीवर एकदाही हात ठेवावा लागला नाही! क्लिनिकनं ते कार्ड घेतलं नाही आणि कंपनीनं पैसे परत केले नाहीत. पुढे एका ट्रेनिंग सेंटरमधला माणूस म्हणाला, “एसीएलएसच, म्हणजे वरच्या पातळीचं ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेटच, करून टाका. मोठं घेतलं की लहान त्यात आलंच.” हे साफ खोटं होतं. एसीएलएसला बसायचं तर बीएलएस आधी हातात पक्कं बसलेलं लागतं, आणि पुष्कळ ठिकाणी दोन्ही कार्डं वेगवेगळी मागतात. शिकवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनी नवख्या माणसाला असं गंडवावं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुमच्या टेबलाशी आले तेव्हा एसीएलएसचा फॉर्म अर्धा भरून झाला होता, क्रेडिट कार्ड हातात होतं. तुम्ही त्या फॉर्मवर तळहात ठेवलात. “आधी बसा. सकाळी क्लिनिकमध्ये गेल्यापासून काय काय करता, ते सांगा.” माझ्या मागे माणसं उभी होती, तरी तुम्ही पेन बाजूला ठेवून ऐकत राहिलात. पेशंटला आत घेते, वजन, बीपी, औषधांची यादी, रक्त काढणं, ईसीजीच्या लीड लावणं, असं मी सांगत गेले.

“तो ईसीजी वाचून औषध कोण ठरवतं?”

“डॉक्टर.”

“आणि वेटिंग रूममध्ये कोणी कोसळलं तर तुम्ही काय करायचं?”

“इमर्जन्सीचा ९११ नंबर लावायला सांगायचं, छाती दाबायला लागायचं, एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, मागवायचं.”

“मग तुम्हाला बीएलएस हवं. हृदयाची लय ओळखून औषधं देणाऱ्या टीमसाठी एसीएलएस, गंभीर आजारी मुलं सांभाळणाऱ्यांसाठी पाल्स. हार्टसेव्हर सर्वसामान्य लोकांसाठी असतं, दवाखान्यात ते बहुतेक चालत नाही. ऑनलाइन भाग घरी करा, पण प्रॅक्टिकल माणसासमोर झालंच पाहिजे.”

आणि तो महागडा फॉर्म तुम्ही माझ्यासमोर फाडलात.

ताई, तो फॉर्मवर ठेवलेला तळहात मी विसरणार नाही. तोवर सगळ्यांनी माझं बजेट विचारलं होतं, तारीख विचारली होती. मी दिवसभर काय काम करते, हे कोणीच विचारलं नव्हतं. सर्टिफिकेट ठरवायला तोच एक प्रश्न पुरेसा होता!

आमच्या गावच्या मेडिकलवाले काका ‘ही गोळी नको, दोन दिवस पेज प्या’ असं सांगून गिऱ्हाइकाला परत पाठवायचे. दुकान त्यांचं, नुकसान त्यांचंच, पण गावाचा विश्वास त्यांच्यावर होता. अशी माणसं आहेत म्हणून परक्या देशातही आपला निभाव लागतो. समोरच्याला गरज नसलेली वस्तू विकायची नाही, एवढं पाळणाऱ्यांबद्दल मला फार फार आदर वाटतो.

प्रॅक्टिकलबद्दल थोडक्यात. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, किमान दोन इंच खोल, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, हे वाचून पाठ होतं. पण दाब बरोबर पडला की पुतळ्यावर हिरवा होणारा दिवा माझ्या हाताला काही हिरवा होईना. तुम्ही माझी कोपरं ताठ केलीत, खांदे पुतळ्याच्या वर आणलेत आणि म्हणालात, “हातांनी नको, अंगाच्या वजनानं दाबा.” दिवा हिरवा झाला तेव्हा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता. वाचलेलं आणि हातांना आलेलं यात किती अंतर असतं, हे त्या पीडीएफवाल्यांना कधी कळेल असं वाटत नाही.

हे कार्ड दोन वर्षं चालेल. नूतनीकरणाला तुमच्याकडेच येणार. त्याआधी आमच्या क्लिनिकमधल्या दोघी पुढच्या शनिवारी येत आहेत. एकीला खरंच पाल्स लागणार असं मला वाटतं, कारण ती आता मुलांच्या अर्जंट केअरमध्ये चालली आहे. पण तिथे कुठलं कार्ड मागतात, ते लेखी विचारून घे आणि मगच ताईंकडे जा, असं तिला सांगून ठेवलं आहे.

तुमची ऋणी,
एडिसन, न्यू जर्सीची एक मेडिकल असिस्टंट