बाळाच्या शीचा रंग उजेडात पाहा

महोदय,
नवजात बाळाची कावीळ बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही डोळे पिवळे असतील, तर ‘अंगावरच्या दुधाने होतं असं’ म्हणून थांबू नये. पित्तनलिका बंद असण्याचा दुर्मीळ जन्मजात आजार, बिलिअरी अट्रेझिया, याच काळात हातून निसटतो. कारण बाळ गुटगुटीत दिसते, दूधही नीट पिते.

खूण लंगोटात असते. पित्त आतड्यात उतरले नाही तर शी फिकी होते: पांढरट, राखाडी, शाडूच्या मातीसारखी. पिवळी, हिरवी, तपकिरी शी ठीक. पहिली काळी शी या आजारातही येते आणि रंग पुढे हळूहळू उतरतो, म्हणून एकदा पाहून भागत नाही. शी दिवसाच्या उजेडात पाहावी. पिवळ्या दिव्याखाली फिकी शीही पिवळी भासते. शिवाय तान्ह्याची लघवी जवळपास बिनरंगी हवी. लंगोटावर पिवळा डाग राहत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे.

रक्ततपासणीत नुसते एकूण बिलिरुबिन (कावीळ आणणारे पिवळे द्रव्य) पुरत नाही, त्यातले ‘डायरेक्ट’, म्हणजे यकृताने पित्तात सोडण्याजोगे केलेले, वेगळे मागावे. ते दर डेसिलिटर रक्तात १ मिलिग्रॅमच्या वर असेल तर बाळाला उन्हात धरून काही होत नाही. उलट मोलाचे दिवस जातात. या आजारावरच्या कासाई शस्त्रक्रियेत आतड्याचा भाग थेट यकृताला जोडतात. ती साठ दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता बरीच अधिक असते. तैवानने २००४ पासून शीच्या रंगांचे कार्ड देशभर दिले. आपल्याकडेही ते लसीकरणाच्या पुस्तिकेत छापायला काय हरकत आहे?