डोमेन कुणाच्या नावावर आहे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निकालाचा हंगाम आला की सगळ्या वर्तमानपत्रांत ‘आयटीतील संधी’ या विषयावर लेख येतात आणि सोबत फोटो असतो तो हिंजवडीतल्या काचेच्या इमारतीचा. मी ज्या वेब डिझाइन कंपनीत काम करते ती कोल्हापुरात, राजारामपुरीत, एका मेडिकल दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. चपला दारात काढायच्या. मालक धरून माणसं सहा. मालकांना सगळे ‘दादा’ म्हणतात. माझ्या कार्डावर ‘डिझायनर’ छापलंय, पण फोन घेणं, मराठी टाइप करणं, गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जाऊन फोटो काढणं आणि महिनाअखेरीला थकलेल्या बिलांसाठी गोड आवाजात फोन करणं हेही माझ्याचकडे असतं.

तक्रार म्हणून सांगत नाही. कामात मजा आहे. शिरोलीच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीवाल्यांना वेबसाइटवर परदेशी रोबोटचे चकचकीत फोटो हवे असतात, आणि मी हट्टानं त्यांच्याच शेडमधल्या कास्टिंगचे फोटो लावते. बाहेरच्या देशातला खरेदीदार ‘आमचे ध्येय’ वाचत नाही. भट्टी किती टनांची, मशिन कुठली, तपासणीची सोय काय, एवढं बघतो. पतसंस्थेचं काम आलं तर डोकेदुखी वेगळी. तिथे डिझाइनला विचारतंय कोण! संचालकांचे फोटो कुठल्या क्रमानं लावायचे यावरच दोन बैठका होतात. अहवालाचा मजकूर प्रेसवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये येतो. त्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये, म्हणजे वेबसाइटवर चालणाऱ्या मराठीत, ती अक्षरानंतर येते. रूपांतर नीट झालं नाही तर वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात, आणि त्यातली एखादी नेमकी उपाध्यक्षांच्या नावातली असते. शिवाय सगळ्यांना साइट पाडव्याला किंवा दसऱ्यालाच सुरू करायची असते. उद्यमनगरातल्या एका मालकांनी तर कॉम्प्युटरसमोर नारळ फोडला होता. कीबोर्ड मी आधीच उचलून ठेवला होता म्हणून वाचला.

पण पत्र लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणानं. आमच्याकडे येणारी बरीच नवी गिऱ्हाइकं नवी साइट करायला येत नाहीत, बंद पडलेली साइट घेऊन येतात. गोष्ट बहुतेक एकच असते. ओळखीतल्या कुणा पोराकडून पाच-सहा वर्षांपूर्वी साइट करून घेतलेली. आता तो बंगळुरूला नाहीतर दुबईला. डोमेन, म्हणजे साइटचं नाव, त्यानं स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं. मुदत संपत आल्याची पत्रं त्यालाच जातात आणि तो ती उघडत नाही. घर बांधलं आपल्या पैशानं आणि सातबारा गवंड्याच्या नावावर, असा हा प्रकार.

एक दिवस साइट दिसेनाशी होते. मालकांना आधी त्याचं काही वाटत नाही. ‘करू की सावकाश’ म्हणतात. मग कळतं की कंपनीचे ईमेलही त्याच नावावर चालत होते. पाठवलेलं कोटेशन मिळालं की नाही याचा पत्ता लागत नाही, बाहेरच्या ऑर्डरींचे मेल परत जातात, आणि व्हिजिटिंग कार्डापासून खोक्यांपर्यंत सगळीकडे तोच पत्ता छापलेला. डॉट कॉमच्या नावाला मुदत संपल्यावर सहसा थोड्या दिवसांची मुभा मिळते. ती गेली की तीस दिवस जबर दंड भरून ते सोडवता येतं. त्यानंतर पाच दिवसांनी नाव मोकळं होतं आणि जगातला कुणीही ते घेऊ शकतो.

विसराळूपणानं होतं ते एक वेळ समजू शकतं. पण काही वेबवाले डोमेन मुद्दाम आपल्या नावावर ठेवतात. हे चूकच आहे. तरी असं का होतं हे मी टेबलाच्या या बाजूला बसून रोज बघते. आमच्या धंद्यात निम्मे पैसे आधी आणि उरलेले साइट सुरू झाल्यावर, असा साधारण रिवाज. हे उरलेले पैसे फार चिवट असतात. ‘तेवढा एक बदल करा, मग चेक काढतो.’ बदल केला की दुसरा बदल. बिल फाडलं की अठरा टक्के जीएसटी आम्हाला भरावाच लागतो, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. पगाराची तारीख जवळ आली की दादा गॅलरीत जाऊन हळू आवाजात फोनवर बोलत असतात. आम्ही सगळे ऐकू येत नसल्यासारखं करतो.

कायदा आमच्या बाजूनं आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. २०२३ साली आयकर कायद्यात बदल झाला आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असं थकवलेलं बिल मार्चअखेरपर्यंत दिलं नाही तर त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. तेव्हापासून मार्च उजाडला की गिऱ्हाइकांच्या सीएंचे आपणहून फोन येतात, ‘तुमचा उद्यम नंबर द्या’, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे केलेल्या नोंदणीचा. मार्चमध्ये आमचे बरेच पैसे वसूल होतात ते यामुळेच. उरलेले अकरा महिने मात्र कायदा कागदावर. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते हे दादांनाही माहीत आहे. पण ज्याच्या मुलीच्या लग्नाला परवा जेवायला जायचं आहे त्याच्यावर तक्रार करायची कशी? मग लहान वेबवाल्याच्या हातात एकच कुलूप राहतं, आणि ते डोमेनचं.

आमच्याकडे यावर बरीच वादावादी झाली. ‘डोमेन देऊन टाकलं तर पैसे कसे काढायचे?’ हा दादांचा प्रश्न खोटा नव्हता. आता आम्ही असं करतो: डोमेन पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या ईमेलवर, त्याच्याच पैशानं घ्यायचं. साइट मात्र आमच्या सर्व्हरवर तात्पुरत्या पत्त्यावर तयार करून दाखवायची. काय बदल हवेत ते एकदाच लिहून घ्यायचे, आणि शेवटचा हप्ता जमा झाला की ती खऱ्या नावावर चढवायची. डोमेन घ्यायला अख्खी दुपार जाते, कारण मालकांना स्वतःच्या ईमेलचा पासवर्ड माहीत नसतो आणि ओटीपी पुण्यातल्या मुलाच्या फोनवर जातो. तो मीटिंगमध्ये असतो. पण नंतरची भांडणं पुष्कळ कमी झाली.

आपल्या वाचकांत कारखानदार, दुकानदार, शाळांचे आणि संस्थांचे पदाधिकारी पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती, की आपल्या वेबवाल्याला एवढंच विचारा: आमचं डोमेन कुठल्या कंपनीकडे नोंदलंय, कुणाच्या ईमेलवर, आणि मुदत कधी संपते? दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याच्याकडून लॉगिन किंवा ट्रान्सफर कोड, म्हणजे डोमेन आपल्याकडे हलवून घ्यायचा परवलीचा आकडा, मागून घ्या. हे झालं फक्त डोमेनचं. वर्षाची देखभाल त्याच्याकडेच राहू द्या. आणि त्याचं काही देणं राहिलं असेल तर ते आधी भागवा, कोड लवकर मिळतो. शिरोलीच्या ‘स्मॅक’ किंवा गोकुळ शिरगावच्या ‘गोशिमा’ या कारखानदारांच्या संघटनेनं सभासदांसाठी यावर तासाभराची बैठक ठेवली तर समजावून सांगायला मी येईन, मानधन नको. नूतनीकरण दरवर्षी करत बसू नका. डॉट कॉमला साधारण हजार-दीड हजार रुपये वर्षाला पडतात आणि एकदम दहा वर्षांपर्यंतचे भरता येतात.

आपली,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव व फोन नंबर सोबत दिला आहे, छापू नये. आमची गिऱ्हाइकंही आपलाच पेपर वाचतात.)